लाखेच्या तबकड्या: जुन्या बाजारातून आणल्यावर काय करायचे आणि कोणत्या क्रमाने

रविवारी सकाळी पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून ग्रामोफोनच्या तबकड्या आणायच्या, घरी आल्या आल्या एक लावून बघायची, खरखर ऐकू आली की पुसायची, आणि पुसायला हाताशी येईल ते घ्यायचे: स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर. हा क्रम पूर्ण उलटा आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ज्या तबकड्यांनी सत्तर-ऐंशी पावसाळे काढले, त्या नव्या मालकाच्या घरी पहिल्या दिवशीच बिघडतात, त्या यामुळे.

बरोबर क्रम असा: पारखणे, नीट आणणे, वेगळ्या ठेवणे, धुणे, वाळवणे, नव्या पाकिटात घालणे, यंत्र आणि सुई तपासणे, हलक्या सुईवर एकदा संगणकात उतरवून घेणे, आणि मग हवे तर चावीच्या ग्रामोफोनवर लावणे. यातली कोणतीही पायरी पुढे-मागे करू नका.

आधी ही वस्तू कशाची आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. ७८ ची तबकडी प्लॅस्टिकची नसते. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांचे मिश्रण गरम साच्यात दाबून ती केलेली असते. लाख मद्यार्कात विरघळते, म्हणून स्पिरिट नको. लाख उष्णतेने मऊ पडते, म्हणून ऊन आणि गरम पाणी नको. दगडाची पूड पोलादी सुईला घासून काढते, म्हणून तीच सुई दुसऱ्यांदा वापरायची नसते.

## टप्पा १: सामान आधी जमवा

तबकडी विकत घेण्यापूर्वी हे घरात असू द्या. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन, रंग-वास नसलेला सौम्य भांड्यांचा लिक्विड सोप, रंगकामाचे अगदी मऊ केसांचे दोन ब्रश (एक कोरडा, एक ओला), मायक्रोफायबरची तीन-चार फडकी, ताटल्या उभ्या ठेवायची लाकडी किंवा रबर चढवलेली घडवंची, भिंग, मऊ पेन्सिल. डब्या, स्पंज आणि पॅकिंगचे साहित्य बोहरी आळीत एका फेरीत मिळते, कागद आणि गोंद अप्पा बळवंत चौकात.

एक वस्तू स्वतः करावी लागते: लेबलाचे झाकण. लेबलापेक्षा किंचित मोठी अशी प्लॅस्टिकची दोन चपटी झाकणे घ्या आणि त्यांच्या कडेला आतून स्पंजची पट्टी चिकटवा. धुताना ही दोन्ही बाजूंनी लेबलावर दाबून धरायची. जुन्या लेबलांचा रंग पाण्यात लगेच सुटतो, आणि लेबल गेले की तबकडीची ओळखच गेली.

## टप्पा २: बाजारात पारख

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लवकर जा. माल चांगला मिळतो हे तर खरेच, पण मुख्य कारण वेगळे आहे: उन्हात जमिनीवर पसरलेल्या तबकड्या दुपारपर्यंत तापून वाकायला लागतात. भर दुपारी एप्रिल-मे महिन्यात घेतलेल्या तबकडीचा सरळपणा घरी जाईपर्यंत टिकेल याचा भरवसा नसतो.

हातात घेतल्यावर चार गोष्टी याच क्रमाने बघा.

पहिली, आवाज. मधल्या भोकात बोट घालून तबकडी अधांतरी धरा आणि कडेजवळ दुसऱ्या हाताच्या बोटाने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ खणखणीत नाद आला तर ती अखंड आहे. भद्द किंवा फुटका आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो.

दुसरी, सरळपणा. कड डोळ्यांच्या पातळीवर आणून तबकडी फिरवा. किंचित लाट चालते. बशीसारखा खोलगटपणा आला असेल तर सोडून द्या.

तिसरी, खाचांचा रंग. उजेड तिरपा पडेल अशी धरा. वापरलेली पण सुस्थितीतली तबकडी काळी दिसते. झिजलेलीवर राखाडी पट्टे दिसतात, आणि ते बहुधा तिथेच असतात जिथे गाणारा तार सप्तकात जातो, कारण जोरकस आवाजाच्या खाचेवर सुईचा मारा जास्त बसतो. फार तकाकी असेल तर मात्र बोट फिरवून बघा. तेल किंवा बुटाचे पॉलिश लावून चमकवलेल्या तबकड्या विकायला येतात. बोटाला तेलकट लागले तर झीज लपवली आहे असे धरून चाला.

चौथी, कडेचा टवका. टवका नुसत्या कडेपुरता असेल तर हरकत नाही. पहिल्या खाचेपर्यंत पोचला असेल तर सुई तिथे अडकणार.

इशारा: अस्सल आहे का हे बघायला तबकडी वाकवू नका. लाखेची तबकडी वाकत नाही, तुटते.

काय घ्यायचे हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न आहे. माझे मत विचाराल तर सुरुवात नाट्यसंगीत आणि भावगीतापासून करावी: बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे, जी. एन. जोशी. पुण्याच्या घराघरांत या तबकड्या होत्या, त्यामुळे बाजारात त्या अजून येतात, आणि गाणे ओळखीचे असले की आवाजातला दोष कान लगेच पकडतो. ख्याल नंतर घ्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटेच मावतात. एवढ्या वेळात अब्दुल करीम खाँसाहेब राग कसा उभा करतात हे कळायला कान आधी त्या खरखरीला सरावलेला हवा.

एकाच बाजूला ध्वनिमुद्रण असलेली तबकडी दिसली तर ती बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली असते. तिच्या शेवटी गाणारा किंवा गाणारी स्वतःचे नाव सांगतानाही ऐकू येते, कारण त्या काळी मुद्रण इथे होई आणि तबकडी जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबली जाई. तिथल्या कारागिरांना नाव कळायला हवे होते. अशी तबकडी झिजलेली असली तरी सोडू नका.

## टप्पा ३: घरी आणणे आणि वेगळ्या ठेवणे

दहा इंची एक तबकडी साधारण दोनशे ग्रॅमच्या पुढे भरते. पंचवीस झाल्या की पाच-सहा किलो होतात. कापडी पिशवीत सैल टाकून दुचाकीच्या हुकाला लटकवू नका, खड्ड्यात त्या एकमेकींवर आपटतात. कडक खोक्यात उभ्या, मधे पुठ्ठा, आणि हलणार नाहीत इतक्या घट्ट. गाडी असेल तर उन्हात बंद करून मिसळ खायला थांबू नका.

घरी आल्यावर त्या आपल्या संग्रहात मिसळू नका. पुण्याच्या पावसाळी हवेत पडून राहिलेल्या तबकड्यांवर बुरशी असतेच, पांढऱ्या जाळीसारखी किंवा ठिपक्यांसारखी. ती पाकिटातून पाकिटात पसरते. गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, कोरड्या मऊ ब्रशने धूळ आणि बुरशी झटका. जुनी पाकिटे फेकू नका. त्यांवर दुकानांची नावे आणि जाहिराती असतात, तोही ठेवा आहे. ती वेगळी वाळवून, फोटो काढून, सपाट फाइलमध्ये ठेवा. तबकडी मात्र पुन्हा त्यांत घालायची नाही.

## टप्पा ४: धुणे

न धुता का वाजवायची नाही, ते एका वाक्यात: खाचेत बसलेल्या धुळीवर सुई चालली की ती धूळ खाचेच्या भिंती खरवडत जाते, आणि ती जखम नंतर कितीही धुतले तरी भरत नाही.

१. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोपचे तीन-चार थेंब. फेस दिसला तर सोप जास्त झाला. पाणी खोलीच्या तापमानाचे हवे, कोमटही नको.

२. लेबलाची झाकणे दोन्ही बाजूंनी लावा. तबकडी मऊ टॉवेलवर आडवी ठेवा.

३. ओल्या ब्रशने, खाचांच्या दिशेने, गोल गोल फिरवत हलक्या हाताने धुवा. आडवे घासायचे नाही. एका बाजूला मिनिटभर पुरते.

४. साध्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा विसळा. सोपचा अंश राहिला तर वाळल्यावर तो खाचेत थर धरतो आणि सुईला गोळा होऊन चिकटतो. नळाचे पाणी शेवटच्या विसळण्याला वापरू नका, क्षार मागे राहतात.

५. मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि घडवंचीवर उभी करा. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर. उन्हाळ्यात तीन-चार तास. पावसाळ्यात धुणे टाळाच.

इशारा: स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतले काहीही नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या एलपी (नंतर आलेल्या लाँग-प्ले तबकड्या) साफ करायच्या अनेक द्रवांत आयसोप्रोपिल अल्कोहोल असते. एलपी विनाइलची असते, तिला ते चालते. लाखेच्या तबकडीचा वरचा थर त्याने विरघळतो आणि खाच कायमची मंद होते. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर वापरू नका.

इशारा: बादलीत भिजत घालणे ही दुसरी मोठी चूक. कोलंबियाच्या काही तबकड्या आतून थरांच्या असतात. कडेच्या टवक्यातून पाणी आत शिरले की त्या फुगतात. तडा गेलेली कोणतीही तबकडी धुऊ नका, पिळलेल्या फडक्याने पुसा.

तपासणी: वाळल्यावर तिरप्या उजेडात बघा. पांढुरके डाग म्हणजे सोप राहिला, पुन्हा विसळा. डाग नसून राखाडीपणा असेल तर ती झीज आहे. ती घासून जाणार नाही, नाद सोडा.

## टप्पा ५: हाताने पाकीट करणे

विकतची पाकिटे मिळतात, पण दहा इंची मापाची मिळणे कठीण जाते, आणि हे काम हातांनी करण्यासारखे आहे. एका संध्याकाळी सहज वीस होतात. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून केलेला कागद मिळतो. त्यातला गुळगुळीत, पातळ, रंग नसलेला निवडा. खरबरीत किंवा फुलापानांचा कागद दिसायला सुंदर असतो, पण त्याचे तंतू खाचेत जातात.

दहा इंची तबकडीसाठी ३०.५ सेंमी रुंद आणि ५३ सेंमी लांब कागद कापा. लांबीत मधोमध घडी घाला. मागच्या अर्ध्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंमी पट्ट्या ठेवा आणि पुढच्या अर्ध्यावरून तेवढा भाग कापून टाका. पट्ट्या बाहेरून पुढे दुमडून चिकटवा. आतून चिकटवल्या तर त्यांची कड तबकडीवर घासते. साडेसव्वीस सेंमीचे चौकोनी पाकीट तयार होते. बारा इंचीसाठी ३५.५ बाय ६३ सेंमी.

चिकटवायला कणकेची खळ नको, तिला कसर लागते. पांढरा पाण्यात विरघळणारा गोंद, पातळ थर. मग पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर.

पाकिटावर काय लिहायचे ते तबकडी आत घालण्यापूर्वी, पेन्सिलीने. पेनची शाई दमट हवेत पसरते.

सर्वात जास्त होणारी चूक: गोंद ओला असतानाच तबकडी आत सरकवणे. ओल आत अडकते आणि टप्पा चारवरची सगळी मेहनत बुरशीला जाते. वर्तमानपत्राची पाकिटे आणि घट्ट प्लॅस्टिकच्या पिशव्या याच कारणासाठी बाद.

## टप्पा ६: यंत्र, वेग आणि सुई

रोजच्या ऐकण्यासाठी आणि संगणकात उतरवण्यासाठी विजेचा टर्नटेबल घ्या. पण त्याच्यावर ७८ चा खटका आहे म्हणून सुईही ७८ ची आहे असे समजू नका. पुण्यातल्या घरांत मी बघितलेली सगळ्यात सार्वत्रिक गडबड हीच. एलपीच्या सुईचे टोक एक मिल (इंचाचा हजारावा भाग) किंवा त्याहून बारीक असते, ७८ च्या खाचेला सुमारे तीन मिलचे टोक लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी पडते, तिथली सगळी घाण वाजवते, आणि सुईही जाते. तीन मिलची सुई वेगळी मागवा, त्या कार्ट्रिजसाठी (सुई बसते तो भाग) सांगितलेले वजन ठेवा. बहुधा ते चार-पाच ग्रॅमच्या आसपास असते. अॅम्प्लिफायरवर मोनोचा खटका असेल तर तो दाबा. त्याने खडखड बरीच कमी होते.

वेग दोन प्रकारे तपासा. पहिला, स्ट्रोबोस्कोपची चकती. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर ७८ साठी चकतीवर ७७ रेघा असतात. निऑन दिव्याखाली किंवा साध्या पिवळ्या बल्बखाली त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीखाली बहुधा काहीच कळत नाही. सुई तबकडीवर ठेवूनच तपासा, मोकळा फिरणारा टर्नटेबल वेगळा चालतो.

दुसरा प्रकार आपल्या संगीताला जास्त उपयोगी आहे: हार्मोनियम. १९२५ पूर्वीच्या तबकड्या नेमक्या ७८ च्या असतीलच असे नाही, त्या वेगवेगळ्या वेगांनी मुद्रित झाल्या. वेग सहा टक्के चुकला की सूर एका पट्टीने सरकतो. म्हणजे ७८ ची तबकडी सुमारे ८२.६ वर फिरली तर काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. साथीला हार्मोनियम असेल तर तिचा षड्ज तुमच्या पेटीवर शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर जवळच्या पट्टीवर येईपर्यंत वेग कमी-जास्त करा. नंतर गाणाऱ्याचा आवाज ऐका. उच्चार घाईचे आणि आवाज बारीक वाटत असेल तर तुम्ही एक पट्टी वर थांबला आहात.

## टप्पा ७: एकदा उतरवून घेणे

ग्रामोफोनवर लावण्याआधी प्रत्येक तबकडी या हलक्या सुईवर एकदा संगणकात घ्या. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. वेव्ह फाइल, २४ बिट. मूळ फाइलवर खरखर काढायचे कोणतेही फिल्टर लावू नका. ते प्रत करून तिच्यावर लावा. खरखर काढता काढता तंबोऱ्याची जवार आणि सारंगीची धार आधी जाते, आणि परत येत नाही.

फोनो प्रीअॅम्प (टर्नटेबलचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र) जी आरआयएए वक्ररेषा (खालच्या-वरच्या स्वरांचा तोल परत साधायचे ठरलेले माप) लावतो ती १९५४ नंतरची आहे. ७८ च्या तबकड्यांना ती तंतोतंत जुळत नाही, वरचे स्वर दबल्यासारखे वाटतात. प्रतीवर ट्रेबल थोडा वाढवून बघा, कानाला पटेल तिथे थांबा.

त्याच बैठकीत नोंद करा: कंपनी, लेबलावरचा क्रमांक, लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, गायक, राग, ताल, नाटकाचे नाव, कुठून घेतली. मॅट्रिक्स क्रमांक लोक वगळतात. त्याच क्रमांकावरून एकच मुद्रण पुन्हा दुसऱ्या लेबलाखाली आले आहे का ते कळते. क्रमांकांची उकल करण्यात अडलात तर १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या नियतकालिकाचे जुने अंक फार उपयोगी पडतात.

इंटरनेटवर चढवण्यापूर्वी एवढे लक्षात घ्या: भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे असतो, पण कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. दोन्ही बघावे लागतात.

## टप्पा ८: ग्रामोफोनवर वाजवणे

चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी आणि कुत्र्याचे चित्र असलेली पट्टी, असा ग्रामोफोन दिसला तर जपून. यातले पुष्कळसे अलीकडे जोडलेले असतात, जुन्या पेटीतले यंत्र काढून नव्या लाकडात बसवलेले. त्यांचा टोनआर्म (सुई धरणारा दांडा) चुकीच्या कोनात असतो आणि तबकडी कापत जातो. कर्ण्याचा मोह सोडता आला तर एचएमव्ही १०२ सारखा मूळ पेटीचा, हातात उचलून नेण्याचा ग्रामोफोन घ्या. सुई बसते त्या गोल डबीतले, म्हणजे साउंडबॉक्समधले, रबर कडक झालेले असते, आवाज फाटतो. ते बदलून घेतल्याशिवाय चांगली तबकडी लावू नका.

साउंडबॉक्सचे वजन सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त पडते. म्हणून इथे नियम कडक आहेत.

१. प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई. तबकडीतली दगडाची पूड पहिल्या काही फेऱ्यांत सुईचे टोक खाचेच्या आकाराचे करते. बाजू संपेपर्यंत त्याला धारदार खांदे येतात. तीच सुई पुन्हा लावली की ते खांदे खाच कापतात.

२. बाजारातल्या जुन्या सुयांच्या डब्या भिंगाखाली तपासा. वापरलेल्या सुया त्यात परत टाकलेल्या असतात. टोकाला चपटी चमक दिसली की ती वापरलेली.

३. प्रत्येक बाजूआधी चावी द्या, पण हाताला अडेपर्यंत रेटू नका. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवून, वाजत असताना अर्ध्या मिनिटात ३९ फेऱ्या मोजा.

४. फार जुन्या तबकड्यांना शेवटची मोकळी खाच नसते. सुई सरळ लेबलावर घसरते. शेजारी उभे राहा.

५. बैठक संपली की उरलेली चावी उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग तशीच ठेवू नका.

इशारा: एलपी किंवा ४५ ची तबकडी ग्रामोफोनवर एकदाही लावू नका. एका फेरीतच तिच्या खाचा संपतात. १९५० नंतरच्या मऊ वाटणाऱ्या ७८ च्या तबकड्याही टर्नटेबलवरच ऐका.

दुर्मिळ तबकडी ग्रामोफोनवर लावायचीच नाही. ज्याच्या दोन प्रती आहेत, त्यातली कमी चांगली लावा.

## टप्पा ९: ठेवणे

उभ्या ठेवा, तिरक्या नाही आणि एकावर एक तर नाहीच. दर पंधरा-वीस सेंमीला कप्प्यात आडोसा हवा. दहा इंची आणि बारा इंची वेगळ्या ठेवा, नाहीतर मोठीच्या बाहेर राहिलेल्या कडेला आधार मिळत नाही. वाड्यातल्या बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, पत्र्याखालचा माळा तर अजिबात नको.

जून ते सप्टेंबर कपाटात रंग बदलणारे सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की कढईत मंद आचेवर कोरडे करून परत वापरता येते. या चार महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा कपाट कोरड्या दिवशी तासभर उघडे ठेवा आणि प्रत्येक कप्प्यातली एखादी तबकडी बाहेर काढून तिरप्या उजेडात बघा. पांढरे ठिपके दिसले तर त्या कप्प्यातल्या सगळ्या बाहेर काढा, कोरड्या ब्रशने झटका, आणि त्यांची पाकिटे बदला. ओल्याने धुणे ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबवा, पावसाळ्यात त्या नीट वाळत नाहीत.